दहा टनांचा निकाल एका मिलिग्रॅमवर

रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड महापालिका पवनेचे पाणी उचलते आणि निगडीच्या सेक्टर 23 मधल्या शुद्धीकरण केंद्राकडे धाडते. रोजचा उपसा साधारण 500 दशलक्ष लिटरचा, महापालिकेच्या भाषेत 500 एमएलडी. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज 50 हजार टँकर. आता एक हिशेब करून पाहू. युरोपच्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाचा अंश लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमच्या वर असता कामा नये. म्हणजे रावेतहून दिवसभरात निघणाऱ्या सगळ्या पाण्यात मिळून 50 ग्रॅम. एक्कावन्नावा ग्रॅम पडला की पन्नासच्या पन्नास हजार टँकर नापास.

आपल्या आयएस 10500 या मानकात मात्र प्रत्येक कीटकनाशकाची मर्यादा वेगवेगळी आहे. क्लोरपायरिफॉससाठी ती लिटरला 30 मायक्रोग्रॅम. त्याच पाण्याला ही मर्यादा लावली तर उत्तर येते 15 किलो. नदी तीच, बंधारा तोच, रसायनही तेच, आणि दोन उत्तरांत 300 पटींचा फरक. (पवनेत इतके कीटकनाशक आहे असे कोणी समजू नये. हा नुसता गुणाकार आहे.)

युरोपचा 0.1 हा आकडा आला कुठून, हे कळले की अर्धे कोडे सुटते. तो कोणा विषतज्ज्ञाने उंदरांवर प्रयोग करून काढलेला नाही. 1980 साली युरोपने पिण्याच्या पाण्याचा नियम केला तेव्हा कीटकनाशक अजिबात नको अशी भूमिका होती. पण ‘अजिबात नाही’ हे मोजता येत नाही. तेव्हाच्या यंत्रांना जेमतेम जेवढे दिसे, तेवढ्यावर रेघ ओढली गेली. अन्नाच्या बाबतीतही तेच झाले. ज्या रसायनाला त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. हाही यंत्राच्या नजरेचाच आकडा, आणि पुण्या-सांगलीच्या निर्यातदारांची झोप उडवणारा आकडाही हाच. शरीराला किती सोसते हा प्रश्न वेगळा आणि यंत्राला किती दिसते हा वेगळा. औषधी वनस्पतींच्या तपासणीत हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत की रिपोर्टवरचा आकडा नेमका कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही, असे माझे मत आहे.

आधी तो 0.01 किती मोठा आहे ते पाहू. हो, मोठाच. अश्वगंधेचे चूर्ण प्रयोगशाळेत आले की त्यातले 2 ग्रॅम घेतात, पाण्यात भिजवतात आणि 10 मिलिलिटर द्रावकात त्याचा अर्क काढतात. त्या अर्कातले 5 मायक्रोलिटर यंत्रात सोडले जातात. म्हणजे यंत्रापर्यंत प्रत्यक्षात पोचते ते 1 मिलिग्रॅम चूर्णाचे सत्त्व. चूर्णात क्लोरपायरिफॉस बरोबर 0.01 मर्यादेवर असेल तर त्या थेंबुकल्यात त्याचे वजन भरते 10 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा हजार कोटी भाग केले, तर त्यातला एक. वजन म्हणून हा आकडा डोक्यात मावत नाही. पण क्लोरपायरिफॉसचा रेणुभार 350.6 धरून अ‍ॅव्होगाड्रोच्या अंकाने रेणू मोजले तर तेवढ्यात साधारण 1,700 कोटी रेणू निघतात. पृथ्वीवर माणसे आठशे कोटींच्या थोडी वर आहेत. म्हणजे माणशी दोन रेणू. यंत्राने यातले 1,600 कोटी पाहिले नाहीत तरी त्याला कोणी दोष देणार नाही, आणि रिपोर्टवर छापून येईल ‘बीएलक्यू’, म्हणजे मोजण्याच्या मर्यादेखाली.

आणि खाणाऱ्याच्या पोटात? रोज 6 ग्रॅम चूर्ण घेणाऱ्याच्या पोटात त्या मर्यादेवर 60 नॅनोग्रॅम क्लोरपायरिफॉस जाईल, म्हणजे सुमारे 103 लाख कोटी रेणू. माणसाच्या शरीरातल्या पेशींचा एक अंदाज 37 लाख कोटींचा आहे. समान वाटप केले तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला तीनेक रेणू. घाबरून जावे असे यात काही नाही. यकृत बसलेलेच आहे, आणि रेणूंची मोजदाद म्हणजे विषबाधेची मोजदाद नव्हे. पण ‘शून्य’ हा शब्द या धंद्यात किती बिनकामाचा आहे हे यावरून कळते. अमेरिकेने 1958 साली डिलेनी कलम नावाची तरतूद करून कर्करोगकारक द्रव्य अन्नात मिसळायला सरसकट मनाई केली. त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स लव्हलॉक यांनी इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला होता आणि डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये जिथे बघावे तिथे दिसायला लागली. कायदा शून्य म्हणत राहिला आणि यंत्रे दरवर्षी त्या शून्याखाली आणखी काहीतरी शोधत राहिली. शेवटी 1996 मध्ये अमेरिकेला कीटकनाशकांचे अंश त्या कलमातून बाहेर काढावे लागले.

यंत्रात 1 मिलिग्रॅम जाते हे ठीक, पण तो मिलिग्रॅम कोणाच्या वतीने बोलतो? समजा एखाद्या औषध कंपनीने दहा टन अश्वगंधा घेतली. 25 किलोंची 400 पोती. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा की पाच पोती असतील तर पाचही उघडा, सहा ते पन्नास असतील तर पाच उघडा, पन्नासच्या वर असतील तर दहा टक्के. म्हणजे 40 पोत्यांत हात घालायचा, वरून, मधून आणि तळातून. सगळे एकत्र करून ढीग घालायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे, आणि हे पुन्हा पुन्हा. शेवटी उरलेला नमुना कोरड्या बर्फात गोठवून दळायचा, कारण साध्या दळणाच्या उष्णतेने काही रसायने उडून जातात. त्यातले 2 ग्रॅम म्हणजे मूळ मालाचा पन्नास लाखावा भाग. यंत्रात गेलेला मिलिग्रॅम हा एक हजार कोटींवा भाग. दहा टनांचा ट्रक परत पाठवायचा की उतरवून घ्यायचा, हे तो ठरवतो. कोट्यवधींचे यंत्र घेतलेल्या लॅबची खरी किंमत पोत्यात हात घालणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणाइतकीच असते, हे या धंद्यातले सगळे जाणून असतात. रिपोर्टवर मात्र त्या माणसाचा रकाना नसतो.

द्राक्ष किंवा टोमॅटो तपासणे त्या मानाने सोपे. त्यात बहुतेक पाणीच. औषधी वनस्पती वाळलेली असते आणि तिची सगळी कीर्ती तिच्यातल्या रसायनांमुळेच असते. नेमकी तीच रसायने मोजणीच्या आड येतात. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा घ्या. त्यात टॅनिनच वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा. तीस टक्के धरले तर किलोला तीन लाख मिलिग्रॅम. तुम्ही शोधताय 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे हव्या असलेल्या एका भागाभोवती नको असलेले तीन कोटी भाग, आणि तेही एकट्या टॅनिनचे. सांगलीच्या हळदीत तीन टक्के कुर्क्युमिन धरले तर हे प्रमाण तीस लाखांना एक. तुळशीत हरितद्रव्य आणि सुगंधी तेल, शतावरीत सॅपोनिन, तर गुळवेलीत पिष्ट आणि कडू द्रव्ये.

ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1990 मध्ये हिशेब मांडला होता की अमेरिकन माणसाच्या आहारातली 99.99 टक्के कीटकनाशके, वजनाने, झाडांनी स्वतःच तयार केलेली असतात. वनौषधींना हे जास्तच लागू पडते. कीड लागू नये म्हणून झाडाने जे बनवले, त्यातले बरेचसे आपण चूर्ण म्हणून घेतो. या हिशेबाचा आधार घेऊन फवारणीला मोकळीक देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाला तो रोज भोगावा लागतो, हे खरे.

या गर्दीतून वाट काढायची आज सर्वत्र चालणारी रीत 2003 साली अमेरिकेत मिशेलँजेलो अनास्तासियादिस, स्टीव्हन लेहोटे आणि सहकाऱ्यांनी बसवली. तिचे नाव क्वेचर्स. मूळ कृती स्वयंपाकाइतकी सोपी आहे: 10 ग्रॅम नमुना, 10 मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, 4 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, 1 ग्रॅम मीठ, आणि मिनिटभर जोरात हलवणे. पाणी खाली, द्रावक वर, आणि बहुतेक कीटकनाशके द्रावकात. त्यापूर्वीच्या पद्धतींत एका नमुन्याला द्रावकाच्या बाटल्या रिकाम्या होत आणि दिवस जाई. वाळलेल्या वनस्पतीसाठी नमुना 2 ग्रॅमवर आणावा लागतो आणि आधी पाणी घालून भिजवावे लागते. मग सफाई. पीएसए नावाची पावडर सेंद्रिय आम्ले आणि साखर धरते, सी-18 मेद धरते, आणि काजळीसारखी काळी ग्राफाइट कार्बनची पूड हिरवा रंग ओढून घेते. ही शेवटची मोठी लबाड आहे. चपट्या आकाराचा रेणू दिसला की ती त्यालाही गिळते, मग ते हरितद्रव्य असो की थायाबेंडाझोल किंवा हेक्झाक्लोरोबेंझीनसारखे कीटकनाशक. अर्क स्वच्छ दिसतो आणि गुन्हेगारही कचऱ्याबरोबर निघून जातो. म्हणून ज्ञात प्रमाणात कीटकनाशक मुद्दाम मिसळून त्यातले किती परत मिळते ते बघतात. 70 ते 120 टक्के परत आले तर पद्धत पास.

गंमत अशी की हे सगळे शास्त्र ज्या पानाच्या हिरव्या रंगापासून सुरू झाले तोच आज त्यातला सगळ्यात मोठा उपद्रव आहे. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानाचा अर्क सोडला, रंगांचे पट्टे वेगळे झालेले पाहिले, आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. त्याला हवे होते हरितद्रव्य. आज तुळशीचा नमुना हाती घेणाऱ्या केमिस्टला तेच नको असते.

सफाई कितीही केली तरी गर्दी पूर्ण हटत नाही, आणि उरलेले द्रव्य यंत्राचा आवाज दाबते. शुद्ध द्रावकात जे रसायन शंभर गुण देते तेच हिरड्याच्या अर्कात पन्नासही देत नाही असे घडू शकते. उपाय म्हणून ज्या मापाने तुलना करायची ते मापही हिरड्याच्याच अर्कात तयार करतात. त्यासाठी हवा कीटकनाशकाचा मागमूस नसलेला हिरडा. डोंगरातल्या हिरड्याचे ठीक आहे, तिथे फवारायला कोण जातो. पण कापसाच्या किंवा भाजीपाल्याच्या शेजारी वाढलेली अश्वगंधा, बांधावरच्या निंबावर चढलेली गुळवेल? तिच्यावर तिच्या मालकाने काही मारले नाही तरी शेजाऱ्याचा पंप आणि वारा कोणाला विचारून येत नाहीत. निखळ नमुना मिळवणे हीच काही वेळा तपासणीपेक्षा मोठी शोधमोहीम होते.

आता यंत्राकडे. ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर, लॅबच्या बोलण्यात एलसी-एमएसएमएस आणि जीसी-एमएसएमएस. आतली पोकळी अशी की वातावरणाच्या तुलनेत हवा साडेसात कोटी पटींनी विरळ. क्लोरपायरिफॉसचा विद्युतभारित रेणू, भार 350, पहिल्या चाळणीतून एकटाच पुढे सोडला जातो, मधल्या खोलीत वायूवर आपटून फुटतो, आणि तिसऱ्या टप्प्यावर त्याचे 198 आणि 97 भाराचे दोन तुकडे तपासले जातात. एक तुकडा पुरत नाही. दोन्ही हवेत, त्यांचे परस्परांशी प्रमाण ठरलेल्यापेक्षा तीस टक्क्यांहून जास्त हलता कामा नये, आणि रेणूने यंत्राच्या तोंडाशी असलेल्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ सहा सेकंदांपेक्षा चुकता कामा नये. इतक्या अटी जमल्या तर म्हणायचे, सापडले.

हे एकाच रसायनाचे झाले. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यात मालातील अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच. तिथल्या कौशिक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2012 साली फळे-भाज्यांसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात 375 प्रदूषक द्रव्ये एकत्र तपासली जातात, कीटकनाशकांसह. प्रत्येकाचे दोन तुकडे धरले तर 750 मोजण्या. प्रत्येकीला 5 मिलिसेकंद दिले तरी एक फेरी पुरी व्हायला पावणेचार सेकंद लागतात. आणि एक रसायन यंत्रासमोरून जाते पाच-सहा सेकंदांत. तेवढ्यात त्याची आकृती काढायला निदान आठ-दहा बिंदू हवेत, मिळणार एक किंवा दोन. म्हणून यंत्राला वेळापत्रक द्यावे लागते: या मिनिटाला फक्त ही पंधरा, पुढच्या मिनिटाला ती वीस.

याहून पुढची यंत्रे, ऑर्बिट्रॅप किंवा टाइम ऑफ फ्लाइट जातीची, रेणू फोडण्याआधी त्याचे वजनच इतके बारीक करतात की चूक दशलक्षात पाच भागांची. 350 वर ती चूक 0.00175 भरते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान त्याच एककात 0.00055. म्हणजे आख्ख्या रेणूच्या वजनात तीन इलेक्ट्रॉनांइतकी चूक चालते, त्याहून जास्त नाही.

इतकी नजाकत असूनही दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळणारच नाहीत असे एक सुंदर गणित आहे. विल्यम हॉर्विट्झ यांनी अमेरिकेतल्या शेकडो आंतर-प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल चाळले आणि 1980 च्या सुमारास एक वक्र मांडला. रसायन कोणते, यंत्र कोणते, पद्धत कोणती याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. त्यात मोजायच्या वस्तूचे प्रमाण शंभर पटींनी घटले की निकालांतला विखुरलेपणा दुप्पट होतो. शुद्ध पदार्थ मोजताना लॅबांचे निकाल दोन टक्क्यांनी इकडेतिकडे. शेकड्यात एक भाग असेल तर चार. दहा हजारात एक, तर आठ. दशलक्षात एक, सोळा. दहा कोटींत एक, बत्तीस. आणि दहा कोटींत एक म्हणजे बरोबर किलोला 0.01 मिलिग्रॅम. पुढे 2000 साली मायकेल थॉम्पसन यांनी दाखवले की इतक्या खाली हा वक्र वाढत जात नाही, 22 टक्क्यांवर थबकतो. थोडा दिलासा. युरोपच्या मार्गदर्शक नियमावलीत म्हणूनच अंश तपासणीला पन्नास टक्के अनिश्चितता गृहीत धरली आहे. लॅबने 0.018 लिहिले तर खरा आकडा 0.009 ते 0.027 यांत कुठेही. कायद्याच्या अंमलदाराला 0.01 ओलांडल्याचा ठपका ठेवता येत नाही. 0.02 च्या वर गेल्यावरच येतो. खरेदीदार मात्र कायद्याचा अंमलदार नसतो. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यावरच रेघ ओढतात. तिथे शास्त्राचा प्रश्न संपतो आणि सौदा सुरू होतो.

तपासणीची सगळ्यात मोठी खाच मात्र आकड्यात नसून यादीत आहे. महाराष्ट्राने ती द्राक्षांवर शिकून घेतली. 2003 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट सापडले, माल अडकला, आणि त्यातून निर्यातीसाठी अंश तपासणीची शिस्त उभी राहिली. 2006 पासून ग्रेपनेटमुळे प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक आला. व्यवस्था इतकी चोख की इतर पिकांनी तिची नक्कल केली. आणि 2010 मध्ये त्याच द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड निघाले. द्राक्षपट्ट्यात हे लिहोसिन म्हणून घराघरात माहीत. वेलीची वाढ आवरायला वापरतात. ते कीटकनाशक नव्हे, वाढ-नियंत्रक. शिवाय त्याचा रेणू इतका पाणीप्रेमी की क्वेचर्ससारख्या पद्धतीत तो द्रावकात येतच नाही, खालच्या पाण्यात बसून राहतो. शेकडो रसायने तपासणारे यंत्र त्याच्यासमोर आंधळे. त्याला वेगळी पद्धत लागते, मेथॅनॉलची. तीही त्याच अनास्तासियादिस यांच्या स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेतून आलेली. ग्लायफोसेट, पॅराक्वाट, इथेफॉन यांचीही तीच गत. निर्जंतुकीकरणासाठी वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड तर जेमतेम अकरा अंशांना उकळणारा वायू. 2020 मध्ये युरोपात तिळावरून आणि एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगला मसाल्यांवरून गाजला तो हाच, आणि नेहमीच्या बहुशेष पद्धतीत तोही सापडत नाही. तेव्हा ‘375 कीटकनाशके तपासली, एकही नाही’ असा गुळवेलीचा रिपोर्ट हाती आला तर मी आधी विचारीन की बांधावर तणनाशक मारले होते का, आणि ते या 375 मध्ये आहे का.

मर्यादांचा गोंधळ तर विचारूच नका. युरोपियन फार्माकोपियाने वनौषधींसाठी एक सूत्र दिले आहे, जागतिक आरोग्य संघटनेचेही तसेच. रसायनाचे आयुष्यभर रोज चालेल असे प्रमाण घ्या, त्याला 60 किलो वजनाने गुणा, रोजच्या मात्रेने भागा, आणि पुन्हा शंभराने भागा, कारण माणूस भाजी-धान्यातूनही अंश खातच असतो; औषधाच्या वाट्याला त्यातला एक टक्काच. क्लोरपायरिफॉससाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे प्रमाण किलो वजनाला 0.01 मिलिग्रॅम. अश्वगंधा चूर्णाची मात्रा रोज 6 ग्रॅम. सूत्राचे उत्तर: किलो चूर्णाला 1 मिलिग्रॅम. मात्रा निम्मी केली तर मर्यादा दुप्पट सैल. त्याच फार्माकोपियाच्या तक्त्यात क्लोरपायरिफॉसची छापील मर्यादा आहे 0.2. आणि हेच चूर्ण औषधाऐवजी अन्न म्हणून युरोपात उतरवले व सरसकट नियम लागला तर 0.01. एकाच डब्याला तीन दरवाजे, पहिल्या-तिसऱ्यात शंभर पटींचे अंतर. आपल्याकडे एफएसएसएआयने एप्रिल 2024 मध्ये देशात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांसाठी मसाल्यांची सरसकट मर्यादा 0.01 वरून 0.1 केली तेव्हा दहा पटींवरून केवढा गदारोळ झाला. आणि हळद तर मसालाही आहे, औषधही.

सूत्र वाटते तितके भक्कमही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2014 मध्ये क्लोरपायरिफॉसचे रोजचे प्रमाण 0.001 वर आणले. मग आपल्या चूर्णाचे उत्तर 1 वरून 0.1 वर येते, म्हणजे फार्माकोपियातला छापील आकडाच दुप्पट सैल ठरतो. 2019 मध्ये त्याच संस्थेने सांगितले की सुरक्षित प्रमाण ठरवताच येत नाही. आता भागायचे कशाने? 2025 मध्ये क्लोरपायरिफॉस चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, काही सवलती ठेवून. आपल्याकडे वाळवीसाठी ते वर्षानुवर्षे जमिनीत ओतले गेले आहे, आणि अश्वगंधेचे औषध तिच्या मुळात असते.

सूत्रात आणखी एक अक्षर आहे ज्याकडे सहसा कोणी बघत नाही. वनस्पतीतला अंश औषधात किती उतरतो त्याचा गुणक. ओली तुळस वाळवली की पाच किलोंची एक किलो होते, म्हणजे पानावरचे सगळे टिकले तर अंश पाच पट. पण मग काढा केला तर? ते रसायन पाण्यात किती विरघळते त्यावर आहे. अ‍ॅसिफेट लिटरभर पाण्यात पाऊण किलोहून जास्त विरघळते. डीडीटी साडेपाच मायक्रोग्रॅम. दोघांत चौदा कोटी पटींचा फरक. काढ्यात अ‍ॅसिफेट जवळजवळ सगळे उतरेल, डीडीटी बहुतेक चोथ्याबरोबर बाहेर जाईल. तीच वनस्पती तेलात सिद्ध केली की गणित उलटते, डीडीटी तेलात हौसेने उतरते. वैद्याच्या दृष्टीने चूर्ण, काढा, तेल आणि तूप हे एका द्रव्याचे चार कल्प. लॅबच्या दृष्टीने ते चार वेगळे नमुने आहेत आणि त्यांची चार वेगळी उत्तरे येतात. सूत्र सांगते की हा गुणक प्रयोग करून काढा.

च्यवनप्राशाचाच काढून पाहू. आवळ्यासह चाळीसच्या वर द्रव्ये. काहींचा काढा होतो, आवळ्याचा गर तुपात-तेलात परतला जातो, म्हणजे पाणीप्रेमी आणि तेलप्रेमी दोन्ही जातींच्या अंशांना वाट मोकळी. चाळीस द्रव्ये आणि 375 रसायने धरली तर 15,000 जोड्या. प्रत्येक द्रव्यात पद्धत चालते का हे सिद्ध करायला रिवाजाप्रमाणे किमान दोन पातळ्यांवर पाच-पाच वेळा मिसळून बघायचे: 400 नमुने, दीड लाख निकाल. प्रत्येक नमुना एकदा जीसीवर, एकदा एलसीवर, अर्धा-अर्धा तास. यंत्राचे 400 तास, रात्रंदिवस चालवले तर सतरा दिवस. या सतरा दिवसांत फक्त एवढेच कळेल की सुट्या द्रव्यांत मोजता येते की नाही. शिजवल्यावर बरणीत काय उतरले, त्याची मोजणी अठराव्या दिवशी सुरू होईल.